पान दोनवरचा खड्डा

त्या ऑफिसात पान दोनला सगळे 'खड्डा' म्हणायचे. कंपन्यांचे गौरवग्रंथ, मालकांची चरित्रं, असली गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तकं काढून देणं हा तिथला धंदा. पुस्तक साबणवाल्याचं असो नाहीतर शाळावाल्याचं, पान एकवर माणसाचा हसरा फोटो आणि पान दोनवर त्याची गरिबी, हा साचा ठरलेला. आधी माणूस खड्ड्यात दाखवायचा, मग उरलेली पानं त्याला वर काढायचं. खड्डा उथळ निघाला तर सर केबिनमधूनच ओरडायचे, "अरे, जरा खोल खणा! एवढ्याशातून काय, आमच्या घरची मांजरसुद्धा वर येईल!"

आणि खड्ड्याच्या तोंडाशी एक इंग्रजी वाक्य पाटीसारखं रोवलेलं असायचंच. 'ही केम फ्रॉम हम्बल बिगिनिंग्ज.' म्हणजे हा गृहस्थ अगदी साध्या घरातून, हातात काही नसताना वर आला.

तिचं काम सगळ्यात शेवटचं. भाषा बघायची, तारखा ताडायच्या, फोटोखालच्या ओळी जुळवायच्या आणि पानाच्या कोपऱ्यात सही करायची. तिची सही नसलेलं पान छापखाना हातात घेत नसे. त्यामुळे ऑफिसात तिचं नावच 'दुरुस्ती' पडलं होतं. "दुरुस्तीला विचारल्याशिवाय आमचा स्वल्पविराम जांभईसुद्धा देत नाही," असं मजकूर लिहिणारा म्हणायचा. तो फावल्या वेळात शुभेच्छापत्रांसाठी यमकं जुळवायचा, म्हणून तो 'कवी'.

खरं तर मुलगी झाल्यापासून तिला कामाबाहेरही सगळीकडे चुकाच दिसायच्या. टेबलाचा कोपरा म्हणजे चूक, उघडं बटण म्हणजे चूक, जिन्याच्या कठड्याचं सैल लाकूड म्हणजे तर घोडचूक. मुलगी दिवसभर आजोबांकडे, म्हणजे हिच्या बाबांकडे असायची, आणि ही कामातून डोकं वर काढलं की फोन लावायची. जेवली का, खोकली का, खिडकीपाशी नाही ना? बाबा म्हणायचे, "अगं, तुझी पोर आहे, काचेचं भांडं नव्हे." मुलीला एक सवय होती. उभी राहिली की एक पाऊल दुसऱ्या पावलावर चढवायची आणि बगळ्यासारखी डुलत राहायची. ती मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पोरीला चालवलं, पळवलं आणि म्हणाले, "बाई, ही लकब आहे. आजार तुम्हाला आहे, काळजीचा."

त्या दिवशी तिच्यासमोर जे पान दोन आलं, ते एका मोठ्या कारखान्याच्या पुस्तकातलं होतं. तिचे बाबा उभा जन्म त्याच कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातणारे. जुन्या कामगारांकडून कारखान्याने फोटो मागवले तेव्हा त्यांनीही हौसेने एक दिला होता. त्यामुळे हे पुस्तक ती जरा जास्तच मायेने तपासत होती. वाक्य जागच्या जागी होतं. त्याखाली एक जुना फोटो होता. पत्र्याची शेड, आत लेथ मशीन, मशीनपाशी बनियनमधला एक राकट माणूस आणि त्याच्या शेजारी अर्ध्या चड्डीतला एक मुलगा. फोटोखाली इंग्रजीत ओळ होती, 'संस्थापक, बालपणी, आपल्या वडिलांसोबत.'

मुलाचं एक पाऊल दुसऱ्या पावलावर चढलेलं होतं.

तिने पेन खाली ठेवलं. फोटो डोळ्यांजवळ नेला. काहीएक गरज नव्हती त्याची. हा फोटो तिने बाबांच्या कपाटात शंभरदा पाहिला होता. शेड तिच्या आजोबांची, मशीन आजोबांचं आणि तो बगळा म्हणजे तिचे बाबा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते, ते तिला त्या दिवशी कळलं. आधी कान तापतात.

ती पान घेऊन कवीच्या टेबलापाशी गेली. "हा फोटो कुठून आला?"

"शेडचा? झकास आहे ना!" कवी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेत म्हणाला. "कामगारांनी दिलेल्या फोटोंच्या खोक्यात होता. धाकट्या मालकांनीच उचलला. म्हणाले, हाच. मी म्हटलं, सुटलो बुवा. नाहीतर त्यांच्याकडचे फोटो पाहिलेस का? थोरले मालक, म्हणजे त्यांचे वडील, आपले संस्थापक, लहानपणी तट्टूवर बसलेत. तट्टूवर! मागे बंगला. आता तट्टूवर बसलेल्या माणसाला मी खड्ड्यात कसा घालू?"

"म्हणून माझ्या बाबांना घातलंस?"

"ऑं?"

"हा मुलगा म्हणजे माझे बाबा आहेत. आणि हे माझे आजोबा."

कवीचं हसू अर्धवट राहिलं. त्याने पान हातात घेतलं, तिच्याकडे पाहिलं, परत पानाकडे पाहिलं. "मागे नाव नव्हतं गं," तो पुटपुटला.

"नाव नसलं की माणूस कोणाचाही होतो का?"

सरांनी मात्र एवढंसुद्धा चपापून दाखवलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हात पोटावर बांधले. "मॅडम, बसा. पाणी घ्या. हे बघा, फोटो प्रतीकात्मक असतो. बिस्किटाच्या पुड्यावरचं बाळ काय बिस्किटवाल्याचं असतं?"

"नसतं. पण त्याच्याखाली 'बिस्किटवाल्याचं बाळ' असं लिहीतही नाहीत, सर."

"तुमचं हे असं आहे. शब्दात पकडता."

"त्याचाच पगार देता मला."

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "धाकटे मालक उद्या येतायत, उद्याच पानं छापखान्यात जायची आहेत. सही करून टाका."

"आणि नाही केली तर?"

"तर दुसरं कोणीतरी करेल," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आणि मग रोजच दुसरं कोणीतरी करेल."

ती जागेवर येऊन बसली. नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले निम्मे दिवस तो बाहेरगावी. मुलीला ताप आला तर घरी बसून पानं तपासू देणारी दुसरी नोकरी वाटेवर पडलेली नव्हती. हे सगळं तिला सहीच्या जागेवरच्या त्या रिकाम्या चौकोनात स्वच्छ दिसत होतं. तरी पेन काही उचलवेना.

संध्याकाळी ती मुलीला आणायला बाबांकडे गेली तेव्हा बाबा भलतेच खुशीत होते. पोरीचा बूट मांडीवर घेऊन त्याची निघालेली टाच चिकटवत होते. "आलीस? ऐक, वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीला सांगून आलो आज. म्हटलं, पुस्तकात आमचे वडील येणार. मोठ्या पुस्तकात. तिला एक प्रत लागेल. आणि खालच्या न्हाव्याला एक."

मुलगी दारात उभी होती, पावलावर पाऊल चढवून.

कसं सांगायचं ते ती जिना चढताना जुळवत आली होती. आधी हे बोलायचं, मग ते. ऐन वेळी त्यातलं काहीच झालं नाही. तिने पिशवीतून पान काढलं आणि बाबांच्या पुढे धरलं. बाबांनी बूट खाली ठेवला, हात पुसले, चष्मा लावला. "अरे वा! केवढा मोठा छापलाय! वाच बघू खाली काय लिहिलंय. इंग्रजी बारीक अक्षर मला लागत नाही."

तिने वाचलं. मग मराठीत सांगितलं.

बाबांना ते एकदम कळलं नाही. ते पानाकडे बघतच राहिले, जणू आणखी थोडं पाहिलं तर ओळ बदलेल. "म्हणजे हा मुलगा थोरले मालक?"

"हो."

"आणि हे त्यांचे वडील?"

"असं लिहिलंय, बाबा."

"म्हणजे माझा बापच नेला की गं," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही. चप्पल चोरीला गेल्यावर माणूस आधी आजूबाजूला बघतो ना, तसे त्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला. "जाऊ दे. एवढी मोठी माणसं. आपण काय..."

"जाऊ दे काय?" ती एवढ्या जोरात ओरडली की मुलगी दचकून आजोबांना चिकटली. "सगळा जन्म तुमचं जाऊ दे! दुसऱ्याच्या चुकीसाठी तुम्हाला साहेबाने सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा जाऊ दे. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ दिलं, त्यावर नाव कोरलेलं भलत्याच माणसाचं, तेव्हाही जाऊ दे! अजून हातात घालून फिरताय ते!"

बाबांनी मनगटाकडे पाहिलं. "वेळ बरोबर दाखवतं," ते म्हणाले.

तिला हसूही येईना आणि रडूही. ती खाली बसली आणि बूट उचलून उगाचच टाच दाबत राहिली.

मग बाबांनीच विचारलं, "ते वाक्य काय आहे? हम्बल की काय ते?"

"साध्या परिस्थितीतून आलेला. काही नसताना वर आलेला."

"गरीब म्हण ना सरळ."

"गरीबच. ते त्यांच्याबद्दल खोटं आहे, बाबा. लिहायचं तर ते तुमच्याबद्दल लिहायला हवं. तुमचं आहे ते वाक्य. मी उद्या त्यांना तेच सांगणार आहे."

"माझं?" बाबा ताठ बसले. तिने त्यांना असं ताठ बसलेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "आम्ही काय गरीब होतो? अगं, मशीन आमचं होतं! त्या सगळ्या भागात दुसरं नव्हतं. लोक लांबून यायचे माझ्या बापाकडे काम घेऊन. तू म्हणतेस तो कारखाना निघाला ना, त्याचे पहिले सुटे भाग आमच्या शेडमधून गेले. पोराला कारखाना काढून देताना थोरल्या मालकांचे वडील स्वतः गाडी घेऊन यायचे. उतरायचे नाहीत, नुसता हॉर्न वाजवायचे. मी सुट्या भागांचा डबा घेऊन पळत जायचो. माझा बाप काही हम्बल-बिंबल नव्हता. हॉर्न वाजला तरी हातातलं काम पुरं केल्याशिवाय हलायचा नाही."

तिला शेड नेहमी गरिबीच वाटत आली होती. पत्रा होता, बनियन होतं, अनवाणी पाय होते. तिनेही फोटो बघून खड्डाच पाहिला होता, सरांसारखाच. याचाही तिला राग आला, आणि हा राग कोणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी तिने बाकीची सगळी पानं तपासून त्यांवर सह्या केल्या. पान दोन तेवढं कोरं ठेवलं आणि गठ्ठ्याच्या वर ठेवलं. सर दोनदा येऊन बघून गेले. नुसते घसा खाकरून गेले. धाकटे मालक आले तेव्हा सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. धाकटे मालक म्हणजे पन्नाशीचा माणूस, बोलणं लोण्यासारखं. "काय हो, आमच्या पानावर रागावलात म्हणे?"

ती तोंड उघडणार तोच बाहेर मुलीचा आवाज आला. "आई इथे बसते?" दारात बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मुलीचा हात हातात. येणार म्हणून ते एका शब्दाने बोलले नव्हते. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढ्या रहदारीतून पोरीला चालवत आणलं. दुसरा विचार येईपर्यंत बाबा आत आले होते.

"माझा फोटो परत हवाय," बाबा म्हणाले.

धाकटे मालक खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो काका, या या! बसा ना. फोटो तुमचा का? फारच सुंदर आहे. अहो, तुमचा फोटो आमच्या पुस्तकात, तोसुद्धा पान दोनवर! आपण सगळे एकच कुटुंब नाही का?"

"एकच कुटुंब असेल तर खाली खरं नाव लिहा," ती म्हणाली. "कुटुंबात वडील बदलत नाहीत."

"ताई, हे भावनेचं..."

"फोटो द्या," बाबा म्हणाले.

सर मध्ये पडले. "काका, कागदाचा फोटो लगेच देतो. पण तो स्कॅन केलेला आहे ना, कॉम्प्युटरमध्ये गेलाय तो आता."

"मग तिथलाही परत द्या."

केबिनच्या काचेपलीकडे कवीने तोंडावर हात ठेवला. बाबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि टेबलावर, धाकट्या मालकांच्या बरोबर समोर ठेवलं. मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ उमटलेला होता. "हे तुमच्याकडून आलंय. मागे नाव कोरलंय ते माझं नाही. ज्याचं आहे त्याला द्या. माझ्याकडचं दुसऱ्याचं मी देतोय. तुमच्याकडचं माझं द्या."

धाकट्या मालकांनी घड्याळ उलटं करून पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा खरंच पडला. पण तो क्षणभरच. "ठीक आहे," ते म्हणाले. "आपण मार्ग काढू. फोटो मागच्या पानांवर घेऊ, कामगारांच्या विभागात, काकांच्या नावानं. ताई, तुम्हीच लिहा ओळ. तुमच्या मनासारखी."

तिने तिथेच उभ्याउभ्या लिहिली. आजोबांचं नाव, बाबांचं नाव, शेड यांची, मशीन यांचं, कारखान्याचे पहिले सुटे भाग इथे बनले. धाकट्या मालकांनी ओळ वाचली, मान डोलावली आणि खिशातलं पेन काढून 'पहिले' या शब्दावर हलकीच रेघ मारली. "एवढं तेवढं कमी करू. माझ्या बाबांना उगाच... त्यांचं वय झालंय. त्यांना वाटतं, सगळं त्यांनीच सुरू केलं."

"काय खोडलं?" बाबांनी तिला विचारलं.

तिने सांगितलं.

"मग नको," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. सरांनी ड्रॉवरमधून फोटो काढून त्या हातावर ठेवला.

"पण मग पान दोनवर काय घालायचं?" सर हवालदिल झाले. "आज छापायला जायचंय हो!"

"थोरल्या मालकांचा लहानपणीचा फोटो आहे ना," ती म्हणाली. "तट्टूवरचा. तो घाला. ज्याची सुरुवात, त्याचा फोटो. आणि वरचं वाक्य काढा."

"वाक्य राहणार," धाकटे मालक एकदम करड्या आवाजात म्हणाले. लोणी संपलं होतं. "माझ्या बाबांना वाचून दाखवलंय. त्यांना फार आवडलंय."

"खरं तट्टू?" मुलीने मध्येच विचारलं.

पान दोनवर तिने सही केली नाही. शेवटी सरांनी स्वतः केली, पेन कागदात घुसेल एवढी दाबून. तिला त्यांनी काढलं नाही, कारण बाकीच्या पानांवर तिच्याच सह्या होत्या, आणि पुढच्या पुस्तकाचा गठ्ठा आधीच तिच्या टेबलावर येऊन पडला होता. पण त्या दिवसापासून ते तिला 'दुरुस्ती' म्हणेनासे झाले. नुसतं 'मॅडम', आणि तेही न बघता.

पुस्तक निघालं. सगळ्या जुन्या कामगारांना घरपोच एकेक प्रत आली, तशी बाबांनाही आली. विटेएवढं जड. पान दोनवर खांबांचा बंगला, पायऱ्यांशी तट्टू, तट्टूवर टोपी घातलेला गुबगुबीत मुलगा, लगाम धरायला एक नोकर, आणि वर ठसठशीत अक्षरात, साध्या घरातून, हातात काही नसताना वर आलेल्या माणसाची ती ओळ. मास्तरीणबाई ती वाचून एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बाबा हसले नाहीत. त्यांनी फोटोतल्या बंगल्याच्या फाटकावर बोट ठेवलं. "इथपर्यंतसुद्धा यायचो मी डबे घेऊन. आत नाही."

फोटो त्यांनी चौकट करून भिंतीवर लावला, जरा जास्तच उंच. ती संध्याकाळी पोहोचली तेव्हा मुलगी ते जाडजूड पुस्तक भिंतीशी ओढत नेऊन त्यावर चढली होती, आणि वर मान करून, पावलावर पाऊल ठेवून, डुलत होती. तिचा हात धरायला ही धावणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "ही मी!"

"तू नव्हे, तो मी," बाबा म्हणाले. "आणि हे माझे वडील. कोणाचे वडील?"

"आजोबांचे."

"मोठ्याने सांग."

"आजोबांचे!"

"परत सांग," बाबा म्हणाले.